चावी गाडीलाच

पोलादपूरच्या बाजारातून सकाळी अकराच्या सुमाराला चालत जावं आणि कडेला उभ्या असलेल्या मोटारसायकली नुसत्या बघत जाव्यात. एखाद-दुसरीला चावी तशीच लटकलेली असतेच. चावीच्या कडीला गणपती, नाहीतर शिवाजी महाराजांची छोटी मूर्ती, नाहीतर पोरीचं नाव लिहिलेला बिल्ला. गाडी साइड स्टँडवर वाकून उभी, आरशाला हेल्मेट अडकवलेलं, हँडलला पिशवी. मालकाचा पत्ता नाही. तो असतो मेडिकलच्या गर्दीत, बँकेच्या रांगेत, नाहीतर खताच्या दुकानात उधारीचं बोलत.

अशी गाडी दिसली तर जाणाऱ्या माणसानं काय करावं?

प्रश्न दिसायला चिल्लर आहे. पण गेली काही वर्षं तो मला सोडत नाही. गाडी भावकीतल्या कुणाची असती तर विचार करावा लागला नसता. चावी काढून खिशात टाकली असती आणि भेटल्यावर दोन शिव्या हासडून हातात दिली असती. परक्याला शिवी देता येत नाही आणि त्याची चावी खिशात घालता येत नाही. मग त्याच्यासाठी आपण करायचं काय, आणि करायचं तर कुठल्या हक्कानं?

आधी त्या मालकाची बाजू सांगतो, कारण त्याला सगळेच 'बेफिकीर' म्हणून मोकळे होतात. आमचा मुलूख महाबळेश्वरच्या पायथ्याचा. पावसाचे चार महिने अंगावर रेनकोट, आत शर्ट, त्याच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत पैसे. ओल्या हातानं खिशापर्यंत पोचणं म्हणजे एक कामच. मग पाच मिनिटांचं काम आहे म्हणून चावी गाडीलाच राहते. दुसरं, जुन्या गाड्यांची कुलपं झिजलेली असतात. अशा गाडीची चावी चालत्या गाडीतून निघून रस्त्यात पडते आणि गाडी चालूच राहते. ज्याच्या गाडीला कुठलीही चावी लागते, त्यानं ती जपायची कशाला? आणि तिसरं, डोक्यात काही असेल तर हात विसरतो. घरात आजारी माणूस, बँकेचा हप्ता थकलेला, दाखल्याची शेवटची तारीख. चावी विसरलेल्या दहा माणसांना विचारा, कुणीही 'मी मजेत होतो म्हणून विसरलो' असं सांगणार नाही.

शिवाय वाड्यावस्त्यांवर चावी मुद्दाम गाडीला ठेवतात. कापड्यात किंवा आणखी आत डोंगराकडच्या वाडीवर रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर उभ्या उभ्या कुणाचीही गाडी काढून पोलादपूर गाठता यावं म्हणून. दुसऱ्याची गाडी वाटेत आडवी आली तर हलवता यावी म्हणून. तिथं चावी काढून नेणारा माणूस कोत्या मनाचा ठरतो. तोच माणूस बाजाराला येतो तेव्हा त्याचा हात सवयीनं वागतो. वाडीवर जो विश्वास असतो, त्यालाच तीन-चार कोसांवर निष्काळजीपणा म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून लटकलेली चावी बघून मालकाच्या स्वभावाचा निकाल लावू नये.

गाड्या नव्हत्या तेव्हा हा प्रश्न नव्हता असं नाही. तेव्हा तो चार पायांवर चालत यायचा. भात उभं असताना सुटलेलं ढोर ही आमच्याकडची जुनी कटकट. कापणी झाली की गुरं मोकळी, तेव्हा कुणी कुणाला विचारत नाही. पण आवणापासून कापणीपर्यंत ज्याचं त्यानं बांधायचं. तरी दावं तुटायचं, पोर झोपायचं, आणि कुणाचं तरी ढोर तिसऱ्याच्याच शेतात शिरायचं. ते शेत आपलं नसलं आणि ढोरही आपलं नसलं, तरी बघणारा गप्प बसत नसे. हाळी द्यायचा. कुणी आलं नाही तर ढोर हाकून आणून आपल्या दारात बांधायचा आणि मालकाला सांगावा धाडायचा. बांधलं की पाणी दाखवायचं, पेंढा टाकायचा. न्यायला येणाऱ्याला चार शब्द ऐकवायचे, पण दिवसभर ढोर उपाशी ठेवून मालकाला धडा शिकवायचा नाही.

इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या घुसखोरीचा कायदा केला. त्यातही हीच रीत थोडी सरकारी होऊन आली आहे. नुकसान करणारं ढोर शेतकऱ्याला धरता येतं, पण २४ तासांच्या आत ते कोंडवाड्यात धाडलं पाहिजे, आणि तिथं त्याचं वैरणपाणी करणं कोंडवाडेवाल्यावर बंधनकारक आहे. दुसऱ्याची वस्तू धरलीत तर ती किती वेळ आणि कशी ठेवायची, याला मर्यादा आहे, एवढं त्या कायद्यालाही कळत होतं.

आता गाडीकडे येतो. पहिला आक्षेप नेहमीचा. "मरू दे ना. गेली गाडी तर जाईल. एकदा ठेच लागली की पुढं आयुष्यभर चावी काढंल." असं म्हणणारे वाईट नसतात. आपण सांभाळून वागतो आणि दुसरा सांभाळत नाही याचा राग असतो तो. पण ठेच कुणाला लागते ते बघा. ऐंशी-नव्वद हजारांची गाडी, बहुतेक हप्त्यावर घेतलेली. गाडी गेली तरी हप्ते जात नाहीत. त्याच गाडीवर सकाळी दुधाचे कॅन जातात, पोरगी कॉलेजला जाते, बाप डॉक्टरकडे जातो. चूक केली एकानं, चालत जायची वेळ येते घरातल्या सगळ्यांवर. विम्याचं म्हणाल तर चोरीचा दावा केला की कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक चावी गाडीबरोबरच गेली असेल तर 'तुम्ही काळजी घेतली नाही' म्हणून दावा अडकतो. चावी लावून ठेवलेल्या एका ट्रकच्या चोरीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०२३ साली न्यायालयानं निकाल दिला की एवढ्यावरून सगळा दावा नाकारता येणार नाही, ७५ टक्के रक्कम द्या. म्हणजे काळजी घ्यायला हवी होती हे न्यायालयानंही मानलं, पण विसरण्याची शिक्षा म्हणून माणसाला पूर्ण बुडवायचं नाही, हेही मानलं. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट जर पाऊण माफी देत असेल, तर रस्त्यानं जाणाऱ्या आपण पूर्ण सजा कशाला सुनवावी?

आणखी एक माणूस या हिशोबात कुणी धरत नाही. तो म्हणजे होऊ शकणारा चोर. सराईत चोराला चावी लागत नाही, तो गाडी टेम्पोत घालून नेतो. लटकणारी चावी फसवते ती सोळा-सतरा वर्षांच्या पोराला. त्याला गाडी विकायची नसते, एक फेरी मारायची असते. पोलादपुरातून निघावं, आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत जावं आणि परत आणून लावावी, एवढंच त्याच्या मनात. पण परत येताना पोलीस उभे असले की त्याच्या नावावर चोरी लागते आणि ती पुसता पुसत नाही. तेव्हा उघड्या चावीकडे लक्ष देणारा माणूस एका वेळी दोन घरं वाचवत असतो. एक गाडीवाल्याचं आणि एक त्या पोराचं. त्यातलं दुसरं घर त्याला कधीच कळत नाही.

मदत करायची, एवढं ठरलं. पण कशी, इथं खरी अडचण आहे.

आमच्या ओळखीच्या एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. बाजारात त्याला अशी चावी दिसली. आसपास विचारलं, कुणाला माहीत नाही. 'येईलच पाच मिनिटांत' म्हणून चावी काढून त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली. तेवढ्यात त्याची महाडची एसटी लागली. गर्दी, धावपळ, आणि गाडी चुकली तर पुढची दोन तासांनी. हा चढला. महाडला उतरून खिशात हात घातला तर परक्याची चावी. इकडे आईचं औषध घेऊन आलेला पोरगा चावी शोधत गटारापर्यंत वाकून बघतोय. शेवटी मेकॅनिक आणून कुलूप उघडलं, पैसे गेले, औषधाला उशीर झाला. भला माणूस संध्याकाळी परत आला तेव्हा द्यायची कुणाला? चावी पुष्कळ दिवस त्याच्या देवळीत पडून होती. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण चोरानं जे केलं असतं त्यापेक्षा फार वेगळं त्या पोराच्या वाट्याला आलं नाही.

याबद्दल १८७२ च्या करार कायद्यात कलम ७१ आहे. एकदा एका वकिलांनी मला ते समजावून सांगितलं. सापडलेली वस्तू जो उचलून आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. उचललीच पाहिजे असं कुणी म्हणत नाही, पण उचललीत की ती तुमच्या गळ्यात आली. आणि चावी लावलेली गाडी तर सापडलेली वस्तूसुद्धा नव्हे. ती हरवलेलीच नाही. मालकाला ती कुठं आहे ते ठाऊक आहे आणि तो दहा पावलांवर पाठमोरा उभा आहे. मग तिला हात लावायचा आपला हक्क आणखीनच बारीक होतो.

दुसरी तऱ्हा मी घाटाच्या रस्त्यावर बघितली. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची पोरं धबधब्याला येतात, गाड्या कडेला टाकतात आणि खाली उतरतात. एका गृहस्थानं अशा एका गाडीची चावी काढली आणि पोरं वर आल्यावर 'मला काही माहीत नाही' असं म्हणत बाजूला उभा राहिला. पोरं ओली, थंडीनं कुडकुडतायत, दगडगोट्यांत शोधतायत. अर्ध्या तासानं यानं चावी दाखवली आणि वर भाषण दिलं. शिस्त, आईबापांचे पैसे, आजची पिढी. पोरांनी "सॉरी काका, थँक्यू काका" म्हटलं आणि निघाली. तो म्हणाला, "अद्दल घडली पायजे." त्याच्या तोंडावरचा आनंद मी बघत होतो. गाडी राखल्याचा आनंद दोन मिनिटांत पुरा झाला होता. पुढची अठ्ठावीस मिनिटं त्यानं दुसऱ्याच आनंदासाठी काढली. मदत केली की समोरचा आपल्याहून खाली जातो, आणि त्याला खाली बघायची चटक लागते. परक्याच्या बाबतीत तर जास्तच, कारण उद्या तो आपल्याला काही ऐकवायला येणार नसतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. पावसात लाल माती मऊ होते आणि साइड स्टँड आत रुतत जातो. गाडी हळूहळू कलते आणि आडवी होते. अशी एक गाडी कलताना आदिवासी वाडीवरच्या एका पोरानं बघितली. तो खेकडे विकायला आला होता. टोपली खाली ठेवून तो धावला आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. चावी गाडीलाच होती. मालक दुकानातून ओरडत आला आणि त्यानं पोराचं मनगट पकडलं. पोरगं एवढंच म्हणत होतं, "गाडी पडत व्हती." पानवाल्यानं आणि मी सांगितलं तेव्हा हात सोडला. गाडी सरळ झाली, सगळे पांगले. माफी कुणी मागितली नाही.

तीच गाडी मी धरली असती तर? पांढरी टोपी, पिकलेले केस, पायात चपला. मालक म्हणाला असता, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" काम एकच. एकाला आभार, दुसऱ्याच्या मनगटावर वळ. सुटलेल्या ढोराचा कायदा आला त्याच १८७१ साली इंग्रजांनी आणखी एक कायदा केला होता, काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा. पुढं तो आपल्याकडेही आला, आणि आपल्या सरकारनं १९५२ साली रद्द केला. कागदावरचा कायदा रद्द झाला. पण परक्या वस्तूपाशी कोण उभा आहे हे बघून आपण अजून आधी माणूस ठरवतो आणि मग काम ठरवतो. चांगुलपणा करायची मुभासुद्धा आपल्याकडे सगळ्यांना सारखी नाही. म्हणून परक्याच्या गाडीला हात लावून मदत करण्याची रीत मला पुरेशी वाटत नाही. जी रीत फक्त आमच्यासारख्या टोपीवाल्यांनाच परवडते, ती सगळ्यांची रीत कशी होणार?

मग रीत कुठली? शोधायला लांब जायला नको. आपल्या एसटी स्टँडवर बघा. खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली जाते. पन्नास अनोळखी माणसं दारात रेटारेटी करतात, पण त्या रुमालावर सहसा कुणी बसत नाही. बसलंच तर भांडण होतं, आणि भांडणात बाकीचे रुमालाची बाजू घेतात. दुसरं, स्टँडवर अनोळखी बाई अनोळखी बाईला म्हणते, "ताई, जरा पिशवीकडं लक्ष ठेवा हं." आणि ती ठेवते. स्वतःची गाडी लागली तर तिसरीला सांगून जाते. पिशवीला ती हात लावत नाही, उघडून बघत नाही, जवळ ओढून घेत नाही. फक्त बघते. तेवढं पुरतं.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं नाहीत हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०११ साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा पेपरात मोठी बातमी होती. २०१५ साली तिथं पोलीस ठाणंही झालं. तिथं राखण शनिदेवाची, चोरी केली तर देव बघून घेईल हा धाक. आमच्या वाड्यांवर राखण शेजारणीची. ती पडवीत तांदूळ निवडत बसलेली असते आणि वाटेनं कोण गेलं ते तिला न बघता दिसतं. दोन्ही ठिकाणी कुलपाचं काम डोळेच करतात, एका ठिकाणी देवाचे आणि एका ठिकाणी माणसाचे. बाजारात आलेल्या परक्या माणसाला यातलं काहीच नसतं. तेव्हा त्याला द्यायची ती मदत म्हणजे थोडा वेळ आपले डोळे उसने द्यायचे. डोळे कुणालाही देता येतात. खेकडे विकणाऱ्या पोरालाही देता येतात, आणि त्याचं मनगट कुणी धरू शकत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. चावी दिसली की आधी हाळी द्यावी, जुन्या ढोराच्या रीतीनं. आमच्याकडच्या गाड्यांवर एमएच ०६ असतंच, पुढचा नंबर मोठ्यानं वाचावा आणि "कुणाची गाडी?" म्हणून विचारावं. पण "चावी गाडीलाच आहे" हे ओरडू नये. लग्नात आणि जत्रेत माइकवरून ते सांगतात तेव्हा मालकाआधी भलताच कुणीतरी निघतो. कुणी आलं नाही तर शेजारच्या दुकानदाराला दाखवून ठेवावं. एकट्याच्या लक्षात असणं आणि दोघांच्या लक्षात असणं यात फरक आहे. आपल्याला घाई असेल तर त्याच्यावर सोपवून जावं. घाई नसेल तर पाच मिनिटं तिथंच उभं राहावं. स्टँड रुतत असेल तर खाली एक चपटा दगड सारावा, आणि तेही आसपासच्या दोघांना सांगून.

चावी काढणं हा अगदी शेवटचा उपाय. काढलीच तर गाडी नजरेच्या टप्प्यात असेल अशाच दुकानात द्यायची, दुकानदाराला नंबर सांगायचा, आणि गाडीवर मालकाला दिसेल अशी चिठ्ठी ठेवायची, 'समोरच्या दुकानात विचारा' एवढीच. खिशात घालून घरी न्यायची नाही. मालक आला की चावी हातात द्यायची आणि आपल्या वाटेला लागायचं. भाषण करायचं नाही. लाजेनं त्याची मान आधीच खाली गेलेली असते, त्यात आपली भर नको.

यावर कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाला आहे? खरं आहे. प्रत्येक गाडीपाशी उभं राहायला लागलो तर स्वतःची शेती पडेल. मीसुद्धा सगळ्यांसाठी थांबत नाही. पण बघून न बघितल्यासारखं करणं आणि बघून एका माणसाला सांगून पुढं जाणं, यात वेळ किती जातो? अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट नसतं असं म्हणणारा माणूस खरं बोलत नाही.

आणि कुलूप हेच शहाणपण असंही समजू नये. २०२१ साली २२ जुलैला महाड बुडालं. सावित्रीचं पाणी गल्लीबोळांत शिरलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही चिखल काढायला गेलो तेव्हा गाड्या एकमेकींवर पडून होत्या, चाकांत गाळ, इंजिनात पाणी. हँडल लॉक केलेली गाडी पाण्यातून ढकलत नेता येत नाही. मालक गावाला गेलेला असला तर शेजाऱ्याला नुसतं बघत राहावं लागतं. त्या रात्री ज्या गाडीला कुलूप नव्हतं तिला कुणीतरी, कुठल्याही नातेवाइकानं नव्हे, उंचावर नेऊन लावायला वाव होता. कुलूप चोराला अडवतं तसं मदतीलाही अडवतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की चावी काढायला शिकावं, पोराबाळांनाही शिकवावं, पण ज्याची राहिली त्याला शिकवायला जाऊ नये. तो दुकानातून घाईनं बाहेर येईल, छातीत धस्स होऊन खिसे चाचपील, मग गाडीकडे बघील. चावी तिथंच असेल. ती कुणी राखली हे त्याला कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. तो गाडीला किक मारील आणि औषध घेऊन वेळेवर घरी जाईल.